मदत हवी आहे: वसतिगृहातील मुलींना संततिनियमन आणि गर्भपात कायद्याची माहिती देण्यासंबंधी

नमस्कार. मी तालुक्याच्या गावी मुलींच्या वसतिगृहात गृहपाल आहे. बहुतेक मुली सतरा ते एकवीस वर्षांच्या असून प्रथमच घरापासून दूर राहत आहेत. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी त्यांच्यासाठी डॉक्टरांबरोबर प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम ठेवायचा आहे. त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

एका मुलीच्या अंगावरून बरेच दिवस पांढरे जात होते आणि खाजही होती. ती एकटी दवाखान्यात गेली, तेव्हा बाकावर बसलेल्या बायकांच्या देखत तिला लग्न झाले आहे का असे विचारले गेले आणि पुढच्या वेळी आईला घेऊन ये म्हणून सांगितले गेले. ती पुन्हा गेली नाही. मैत्रिणीने सुचवलेले मलम मेडिकलमधून आणून लावत राहिली. बुरशीचा संसर्ग आणि जिवाणूंमुळे होणारा त्रास यांची औषधे वेगवेगळी असतात, त्यामुळे तपासणी टाळून चालत नाही, हे मुलींना न घाबरवता कसे पटवून द्यावे?

सर्वाधिक गैरसमज तातडीच्या गर्भनिरोधक गोळीबद्दल आहेत. लेव्होनॉरजेस्ट्रेलची दीड मिलिग्रॅमची गोळी संबंधानंतर शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत घ्यायची असते, ती मुख्यतः बीज बाहेर पडणे लांबवते आणि राहिलेला गर्भ तिने पडत नाही, एवढे मी मुलींना सांगते. पाळी आठवडाभर लांबली तर लघवीची तपासणी करावी, हेही सांगते. तरीही काही जणी हीच गोळी नेहमीचा उपाय म्हणून घेतात, याची मला फार काळजी वाटते. सरकारी केंद्रांत मोफत मिळणारी छाया ही गोळी संप्रेरकविरहित आहे. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची असते. मात्र पीसीओएस (बीजकोशाचा विकार, ज्यात पाळी अनियमित होते) असलेल्यांना ती देत नाहीत, आणि आमच्याकडे अनियमित पाळीच्या मुली पुष्कळ आहेत. अशा मुलींनी आधी कोणत्या तपासण्या कराव्यात? अविवाहित मुलींना आपल्या भागातील उपकेंद्रात छाया किंवा निरोध विनाचौकशी मिळतात का? लैंगिक संसर्गापासून संरक्षण केवळ निरोधमुळेच मिळते, हे तर प्रत्येकीला ठाऊक असायलाच हवे.

कायद्याबाबत माझी समजूत अशी आहे की अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीच्या गर्भपातासाठी केवळ तिचीच संमती लागते, २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचे मत पुरते, आणि २०२१ च्या दुरुस्तीतील, ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा देणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाच्या २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालामुळे अविवाहित स्त्रियांनाही लागू झाली. अठरा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत पालकांची संमती आणि पोक्सोखाली (बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली) पोलिसांना खबर देणे आवश्यक असले, तरी विनंती केल्यास तिची ओळख त्या खबरीत उघड करण्याची गरज नाही, असेही याच निकालात म्हटले आहे. ग्रामीण रुग्णालयांत हे खरोखर पाळले जाते का, हे तेथे काम करणाऱ्यांनी कृपया सांगावे.

शेवटचा प्रश्न सरकारी मैत्री क्लिनिकसंबंधी, म्हणजे किशोरवयीनांसाठीच्या आरोग्य व समुपदेशन सेवेसंबंधी आहे. ती सेवा १० ते १९ वर्षांच्या वयोगटासाठी असल्याने आमच्या विशीतल्या मुलींना तेथे समुपदेशन मिळेल का? सातारा-सांगली भागात कार्यक्रमाला येऊ शकतील अशा स्त्रीरोगतज्ज्ञ माहीत असल्यास मला व्यक्तिगत निरोप पाठवावा.