पिंपळपानाच्या जाळीचे अनुभव लिहा

झाडीपट्टीची लेक: भाचीला शाळेतून वाळल्या पानांच्या वाचनखुणा करून आणायला सांगितलं, अन् आमच्या न्हाणीमागचं मडकं आठवलं. फाल्गुनात पिंपळ झडला की धड पानं निवडून त्यात बुडवायची, वरून दगड. गर सडून बुळबुळीत झाला की ताटलीतल्या पाण्यात पान ठेवून जुन्या दातब्रशानं नुसतं हलकं ठोकायचं. घासलं की टोकाची लांब शेपटी आधी तुटते. मग जाळी पेपरात दाबायची, देठाला लोकरीचा गोंडा. तुमचंही येऊ द्या.

वऱ्हाडी ठसका: त्या मडक्याचा वास! आजी ओरडे, "काय रे पोट्टेहो, उंदीर मेला काय न्हाणीत?"

सोडावाली: एवढी वाट कोण पाहते? धुण्याच्या सोड्यात मंद आचेवर उकळायची, गर सुटतो. भांडं स्टीलचं घ्या, जर्मनचं (ॲल्युमिनियमचं) सोडा खाऊन टाकतो. अन् त्या भांड्यात मग भाजी करू नका बाप्पा. (कुकर लागला, येते.)

आलापल्लीकडचा: आमच्याकडे मडकंही नको, सोडाही नको. पावसाळ्यात सागावर अळी पडते. हिरवं तेवढं खाते, शिरा ठेवते. रस्त्यानं जाळ्यांचा खच. पण पान सुपाएवढं, खूण करायची तर कापूनच घ्यावं लागते. कोवळं पान चोळून हात लाल केले की नाही कोणी?

वऱ्हाडी ठसका: केले ना! गुरुजींना वाटलं रक्त आलं. सुट्टी मिळाली.

तेंदूवाल्याची सून: आमच्या घरी पान म्हणजे तेंदूच, बिडीचं. मे महिन्यात पहाटे रानात, मग ओसरीवर ७० पानांचं एक पुडकं बांधत बसायचं. फाटकं, किडकं पान फळीवर, म्हणजे पानं घेतात त्या केंद्रावर, चालत नाही. तेच पोरं पुस्तकात ठेवत. नक्षी नाही का गोंडा नाही, पण खूण झाली ना!

झाडीपट्टीची लेक: ताई, भाचीला उद्याच द्यायचं आहे. 😅

सोडावाली: उद्या?? मग दसऱ्याचं आपट्याचं पान देव्हाऱ्यात असंल, तेच पुठ्ठ्यावर चिकटव. जाळी पुढल्या फाल्गुनात.

आलापल्लीकडचा: सूनबाई, तुमच्याकडे टेंभरं, तेंदूची फळं, होतात ना? पुण्यात कोणाला माहीतच नाही.

तेंदूवाल्याची सून: भाऊ, उन्हाळ्यात या. पार्सल मागू नका, पिकलेली असली तर डब्यात राडा होते.