अमेरिकेत लोकांना सरकारची एवढी ॲलर्जी का?

कृष्णाकाठ, सांगली
नमस्कार मंडळी. मावसभाऊ ओहायोत असतो, सध्या इकडं आलाय, काल जेवताना विषय निघाला. तो म्हणतो तिकडं सगळ्यांना सरकारी आरोग्य विमा द्या म्हटलं की निम्मे लोक अंगावर येतात, बंदुकीवर कायदा आणू म्हटलं तर विचारूच नका, आणि अध्यक्षाचं मतदान कायम मंगळवारी, त्याला देशभर सुट्टी पण नाही. आपल्याकडं पूर आला की सरकार, उसाला दर नाही की सरकार, शिव्या घालू पण मागणार त्यांच्याकडंच. मग एवढ्या श्रीमंत देशातली माणसं सरकार म्हटलं की बिचकतात ती का? त्यांचा स्वभावच तसा हे उत्तर नको प्लीज, स्वभाव काय आभाळातून पडत नाही. इतिहासातलं कारण कुणाला माहीत असेल तर सांगा.

मिरजकर
सुरुवातच करावरनं झाली ना राव. लंडनच्या पार्लमेंटात आमचा माणूस नाही तर कर कशाला, यावरनं भांडण पेटलं आणि १७७६ ला स्वातंत्र्य जाहीर केलं. मग पहिल्यांदा जे केंद्र सरकार बनवलं त्याला कर लावायचाच अधिकार दिला नाही, सगळं राज्यांच्या मर्जीवर! ते किती दिवस चालणार. १७८६ ला मॅसॅच्युसेट्समधले कर्जबाजारी शेतकरी उठले, त्यात लढाईवरनं परत आलेले सैनिक बरेच, जमिनीवर जप्ती येऊ नये म्हणून त्यांनी कोर्टंच बंद पाडली. आपल्या सुप्याला १८७५ ला सावकारांच्या वह्या जाळल्या तसलाच प्रकार. त्याची पैसेवाल्यांनी धास्ती घेतली आणि १७८७ ला फिलाडेल्फियात नवी घटना लिहिली, केंद्र जरा मजबूत केलं. आता लोकांना त्याचीच भीती वाटायला लागली, म्हणून १७९१ ला दहा दुरुस्त्या आल्या. बंदूक बाळगायच्या हक्काची दुसरी दुरुस्ती त्यातलीच. केंद्राचं खडं सैन्य डोक्यावर बसलं तर काय, त्यापेक्षा गावोगावची मिलिशिया (म्हणजे गावकऱ्यांचीच फौज) बरी, असा तेव्हाचा हिशोब.

बाजारपेठ_कराड
मंगळवारचं मी सांगतो, ते सोपंय. १८४५ चा कायदा आहे. तेव्हा शेतकरी जास्त, मत द्यायला घोडागाडीनं काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखं) मुख्य गावाला जायचं. रविवारी चर्च, बुधवारी बऱ्याच ठिकाणी बाजार, मधला वार मंगळवार. नोव्हेंबर का, तर सुगी उरकलेली असते आणि बर्फ अजून रस्ता अडवत नाही. शेतकरी गेले, बाजार गेला, वार तसाच राहिला.

सातारारोड
मिरजकरांचं बरोबर आहे पण ती अर्धी गोष्ट झाली. सरकार नको म्हणणाऱ्यांना कुठलं सरकार नको होतं हे बघायला पाहिजे. घटना लिहितानाच दक्षिणेतल्या गुलामवाल्या राज्यांनी सौदा केला, गुलामाला मत नाही पण लोकसंख्या मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची, त्यावर खासदार जास्त मिळणार आणि अध्यक्ष निवडायला वजन पण जास्त. पुढं यादवी युद्ध झालं, १८६५ ला गुलामगिरी गेली. आपल्या जोतीराव फुल्यांनी (मूळ गाव कटगुण, आमच्याच जिल्ह्यातलं) १८७३ ला 'गुलामगिरी' लिहिलं ते याच कामाबद्दल अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलंय. आणि तिकडं चारच वर्षांत, १८७७ ला, केंद्रानं दक्षिणेतनं हात काढून घेतला. मग राज्यांनी काळ्यांची मतं साक्षरता परीक्षा आणि मतदानाचा कर लावून पद्धतशीर बंद केली, शाळा वेगळ्या, रेल्वेचे डबे वेगळे. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, हा राज्याचा अधिकार आहे, वॉशिंग्टननं मधे पडू नये.

१९५७ ला दक्षिणेतल्या लिटल रॉक शहरात नऊ काळी पोरं गोऱ्यांच्या शाळेत जायची होती तर गव्हर्नरनं दारात सैनिक उभे केले. शेवटी अध्यक्ष आयझेनहॉवरनं लष्कराचे पॅराट्रूपर पाठवले, त्यांनी त्या पोरांना वर्गापर्यंत नेलं. आता तिथल्या गोऱ्या माणसाला सरकारची चीड कशामुळं आली असेल बघा की! १९६४ ला नागरी हक्कांचा कायदा आला आणि त्याच वर्षी त्याला विरोध करणारा अध्यक्षपदाचा रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर खोल दक्षिणेतली पाच राज्यं जिंकला. पिढ्यानपिढ्या डेमोक्रॅट असलेला भाग हळूहळू उलटला तो असा.

आणि फुकट घ्यायला कुणी लाजलं नाही हां. १८६२ च्या कायद्यानं सरकारनं १६० एकर जमीन जवळपास फुकट वाटली, किरकोळ फी तेवढी, पाच वर्षं कसली की तुमची. मूळच्या इंडियन लोकांकडनं काढून घेतलेली जमीन. तेव्हा ॲलर्जी आली नाही कुणाला.

मिरजकर
सातारारोड, सगळंच वंशाच्या खात्यावर घालू नका. विम्याचं कारण वेगळंय. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं पगारवाढीला चाप लावला, कामगार टिकवायचे तर कंपन्यांनी विमा द्यायला सुरुवात केली, त्यावर करसवलत पण मिळाली. झालं, विमा नोकरीला चिकटला. पुढं अध्यक्ष ट्रुमननं सगळ्यांसाठी योजना आणायचा प्रयत्न केला तर डॉक्टरांच्याच संघटनेनं समाजवाद आला म्हणून बोंब ठोकली, रशियाची भीती होतीच. म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, मेडिकेअर, १९६५ ला आला, त्याला आज हात लावून दाखवा कुणीतरी. ज्याला कंपनीचा विमा आहे त्याला नवीन योजना म्हणजे हातातलं जाणार असंच वाटतं.

सातारारोड
विम्याचं मान्य. पण १९३५ ला पेन्शन आली त्यात शेतमजूर आणि घरकामवाल्या बाहेर ठेवल्या होत्या, दक्षिणेत ही कामं मुख्यतः कोण करायचं? कारणावरनं अभ्यासक अजून भांडतात, पण बाहेर कोण राहिलं ते तर दिसतंय ना.

कृष्णाकाठ, सांगली
भारी माहिती दिलीत, धन्यवाद. भावाला धागा वाचायला दिला. तो म्हणतो त्यांच्याकडं न्यायाधीश, शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख), मृत्यूची चौकशी करणारा कोरोनर, इतकंच काय काउंटीचा रस्ते-पूल बघणारा इंजिनिअर पण मतदानानं निवडतात. वरनं नेमलेला साहेब नको हे पण त्यातलंच का? आपल्याकडं रस्त्याच्या इंजिनिअरला मतं मागत गल्लीत यायला लागलं तर मी तरी आधी त्याला स्कूटरच्या मागं बसवून एक चक्कर मारून आणीन.

बाजारपेठ_कराड
हो, त्यातलंच. अध्यक्ष जॅक्सनच्या काळापासनं ती लाट आली, ओहायोनं १८५१ च्या राज्यघटनेत न्यायाधीश निवडणुकीवर टाकले. पण भावाला विचारा की त्या इंजिनिअरच्या जागेला मत देताना तो उमेदवाराचं नाव बघतो का नुसता पक्ष.