बीचवरचा इशारा जिवाणूंवरून द्यायचा की विषाणूंवरून?

तळेकाठ:
क्लीव्हलंडला आल्यापासून उन्हाळ्यात पोरांना घेऊन ईरी सरोवरावरच्या एजवॉटर बीचवर जायचं, हा आमचा शिरस्ता. निघण्याआधी ‘नाउकास्ट’ बघते. पाऊस, लाटांची उंची, पाण्याचा गढूळपणा यांवरून मॉडेल सांगतं, की १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय (आतड्यातले जिवाणू) आज २३५ च्या, म्हणजे इशाऱ्याच्या मर्यादेच्या, वर जायची शक्यता किती. प्रयोगशाळेत जिवाणू वाढायला जवळपास एक दिवस जातो, निकाल हाती येतो तो कालच्या पाण्याचा, म्हणून हा अंदाज. इथवर पटतं. पण पोहून आलेल्या पोराला उलट्या-जुलाब होतात ते बरेचदा नोरोव्हायरससारख्या विषाणूंनी. सांडपाण्यात क्लोरीन टाकलं की ई. कोलाय पटकन मरतात, विषाणू जास्त तग धरतात. मग अंदाज जिवाणूंचा का? कोलिफाज हे ई. कोलायलाच लागण करणारे विषाणू. माणसाला त्यांचा त्रास नाही आणि पाण्यात ते बरेचसे आतड्याच्या विषाणूंसारखे टिकतात. ते मोजायच्या पद्धती ईपीएने (अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने) २०१८ मध्येच दिल्यात. मॉडेल त्यांचं करा.

पेट्रीबशी:
पाणी तपासणं हेच माझं रोजचं काम, आणि मला हे अजिबात पटत नाही. बशीत ई. कोलायचा पातळ थर वाढवतो. फाज (म्हणजे हे कोलिफाज) असेल तिथे थर विरतो, उजेडात धरलं की स्वच्छ गोल ठिपका दिसतो. ते ठिपके मोजायचे. सरोवराचं लिटर-दोन लिटर पाणी गाळून आटवलं तरी कितीदा एकही ठिपका सापडत नाही, एफ-प्लस जातीचा (जिवाणूच्या केसासारख्या तंतूला चिकटून शिरणारा) तर नाहीच. उन्हाळाभर शून्यच भरली तर मॉडेल शिकणार काय? शिवाय किती फाज झाले की बीच बंद करायचा, हा आकडा ईपीएच्या २०१२ च्या निकषांत नाही. आधी आकडा ठरू दे.

वाळूतली_पावलं:
आकडा नाही म्हणून मोजायचं नाही, आणि मोजलं नाही म्हणून आकडा नाही! हे चक्र कुठेतरी तोडायलाच हवं. ई. कोलाय ओल्या वाळूतही तग धरतात. लाट आली की ते पाण्यात उतरतात आणि आकडा चढतो, मग सांडपाण्याचा थेंब आलेला असो वा नसो. सीगलच्या विष्ठेनंही तेच होतं. अशा दिवशी पोरांना पाण्याबाहेर ठेवून काय मिळवलं?

पेट्रीबशी:
सीगलच्या विष्ठेत सोमॅटिक कोलिफाजही (जिवाणूच्या आवरणाला थेट चिकटणारी जात) असतात, त्यामुळे तो गोंधळ काही सुटत नाही. पैसा थोडाच आहे. शिकागोने २०१७ पासून आपल्या बीचवर क्यूपीसीआरने (जिवाणू न वाढवता थेट त्यांचा डीएनए मोजून) एन्टेरोकॉकस हा आतड्यातला दुसरा जिवाणू मोजायला घेतला, निकाल त्याच दिवशी. मी असते तर खर्च तिथे केला असता.

तळेकाठ:
शून्यांचा मुद्दा मान्य. पण शून्य येतात कारण बहुतेक नमुने कोरड्या, शांत दिवसांचे. क्लीव्हलंडच्या जुन्या भागात पावसाचं आणि मैल्याचं पाणी एकाच गटारातून वाहतं. मोठा पाऊस झाला की ते उतू जाऊन सरोवरात पडतं. विषाणूंचं मॉडेल शिकेल ते त्या दिवसांवर. वार ठरवून बाटल्या भरण्यापेक्षा रात्री पाऊस कोसळला की पहाटे जा, दुपारी परत जा, दुसऱ्या दिवशीही जा. फाज किती वेळ रेंगाळतात आणि ई. कोलाय कधी ओसरतात, यातलं अंतर मला बघायचंय. पोरं पाण्यात उतरतात ती नेमकी त्या अंतरात.