तोहोकूत जाताय तर तादामी मार्ग घ्याच

सेंदाई आणि मात्सुशिमा या नेहमीच्या ठिकाणांपलीकडे तोहोकूत, म्हणजे जपानच्या ईशान्य भागात, रेल्वेने काय पाहावं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर एकच: तादामी रेल्वेमार्ग. फुकुशिमातल्या आइझु-वाकामात्सुपासून निइगातातल्या कोइदेपर्यंत १३५ किमी, एकेरी रूळ, छोटी डिझेल गाडी. ती तादामी नदी पुन्हापुन्हा ओलांडते. पहिल्या पुलाचा, धुक्यातल्या कमानीचा फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. तो मिशिमा गावाजवळच्या टेकडीवरून काढतात.

पण मला जास्त मोलाची वाटते ती या मार्गाची गोष्ट. जुलै २०११च्या अतिवृष्टीत पूल वाहून गेले आणि आइझु-कावागुची ते तादामी हा टप्पा ११ वर्षं बंद राहिला. प्रवासी इतके कमी की तो कायमचा बंद करून बस चालवायचा विचार होता. स्थानिकांनी हट्ट सोडला नाही. अखेर त्या टप्प्याचे रूळ आणि पूल फुकुशिमा प्रांताने आपल्याकडे घेतले, गाड्या जेआर ईस्ट ही रेल्वे कंपनी चालवते, आणि १ ऑक्टोबर २०२२ला मार्ग पुन्हा जोडला गेला.

मात्र पूर्ण अंतर जाणाऱ्या गाड्या दिवसातून मोजक्याच, त्यामुळे वेळापत्रक आधी बघा, मग हॉटेल. हिवाळ्यात बर्फामुळे गाड्या रद्दही होतात. तोक्योहून कोरियामामार्गे आइझु-वाकामात्सुला जा, कोइदेहून उरासाला येऊन शिनकान्सेनने (बुलेट ट्रेनने) परता.