सगळंच वयावर ढकलू नका
"वय झालं की विसरायला होतंच" असं घरातल्या म्हाताऱ्या माणसांबद्दल सर्रास म्हटलं जातं म्हणून लिहितेय. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं वेगळं आणि चष्मा हातात धरून हे काय असतं विचारणं वेगळं. आईचं आम्ही वर्षभर वयावर ढकललं, चुकलंच ते. बी-१२ जीवनसत्त्व किंवा थायरॉइड कमी असलं तरी असं होऊ शकतं आणि बऱ्याचदा औषधाने सुधारतं, त्यामुळे आधी डॉक्टरांना दाखवाच. आणि प्लीज "आत्ताच सांगितलं ना" म्हणू नका हो, मी चिडले की आई कशामुळे ते विसरायची पण तिचा उतरलेला चेहरा तासभर तसाच राहायचा. सांभाळणाऱ्याला नुसतं "काही लागलं तर सांग" नको, एक दुपार तुम्ही येऊन बसा, त्याला झोपू द्या.