दिघ्यात १५ मुलांसाठी वर्ग : संगणक की वायरिंग?

दिघा_मंडळ विचारतात :

नमस्कार. आमच्या मंडळाकडे समाजमंदिराची १२ बाय २० फुटांची खोली आहे आणि वर्गणीतून जमलेले ८० हजार रुपये. वस्तीतली १८ ते २५ वयाची १५ मुलं-मुली शिकायला तयार आहेत, त्यांत ४ मुली. सहा जण दहावी नापास, तिघांची शाळा आठवी-नववीतच सुटली, बाकीचे दहावी-बारावी झालेले. बहुतेक जण नवी मुंबईतल्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कंपन्यांत कंत्राटावर हेल्पर आहेत, काही वाशीच्या मार्केटात माल उचलायला जातात. मंडळात दोन मतं आहेत : संगणक वर्ग किंवा वायरिंग. वर्ग संपल्यावरही पोरं हेल्परच राहिली तर उपयोग नाही. पैसे कशात घालावेत? वेळ कोणती ठेवावी? असे वर्ग मध्येच बंद का पडतात?

पॅनेल_वायरिंग :

वायरिंग घ्या. ८० हजारांत १५ जणांपुरते संगणक बसत नाहीत, आणि एमएस-सीआयटीची केंद्रं ऐरोली-ठाण्यात आहेतच. ज्याला लागेल त्याची फी मंडळाने भरावी, ते स्वस्त पडेल.

मात्र घरगुती वायरिंगवर थांबू नका. दिघ्यापासून रबाळे, महापे, तुर्भे, नेरूळपर्यंत सगळा टीटीसीचा पट्टा आहे. तिथे मोटर आली की स्टार्टर (ती चालू-बंद करणारं उपकरण) आला आणि स्टार्टर आला की कंट्रोल पॅनेल (अशी उपकरणं जोडलेली पेटी). पॅनेल वायरिंग हे टेबलावर बसून, ड्रॉइंग बघत करायचं काम आहे. ते ज्याला जमतं त्याला हेल्पर म्हणून फार दिवस ठेवत नाहीत. त्यामुळे १२ आठवडे, आठवड्याचे ५ दिवस, रोज २ तास, म्हणजे १२० तास धरा आणि त्यांतले निम्मे पॅनेलला द्या.

१२ मिमी प्लायचे ४ बाय ३ फुटांचे ५ बोर्ड करा, एका बोर्डावर तिघे. त्याहून जास्त झाले की एक जण जोडतो आणि बाकीचे बघत बसतात. प्रत्येक बोर्डाला २० मिमी कंड्युट (वायरची नळी), एमसीबीचा (जादा करंट आला की आपोआप पडणाऱ्या स्विचचा) बॉक्स, ६ आणि १६ अँपियरचे सॉकेट, दोन टू-वे स्विच, तीन होल्डर. १.५ चौरस मिमीच्या लाल, काळ्या, हिरव्या वायरची ९० मीटरची एकेक कॉइल आणा. १६ अँपियरच्या सॉकेटसाठी २.५ ची वायर वेगळी. काढलेली वायर टाकू नका, लहान होत गेलेले तुकडे पुढे लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक) मारायच्या सरावाला लागतात.

क्रम असा ठेवा : एक बल्ब एक स्विच, मग जिन्याची टू-वे जोडणी, मग पंखा आणि रेग्युलेटर, मग पूर्ण डीबी (वितरण पेटी). चुका ठरलेल्या असतात. ब्लेडने वायर सोलताना दोन-चार तारा तुटतात, उरलेल्या तारांवर भार येतो आणि टर्मिनल तापतं. म्हणून पहिल्या दिवसापासून स्ट्रिपर हातात द्या. दुसरी चूक म्हणजे स्विचमधून फेजऐवजी (वीज आणणारी तार) न्यूट्रल (परतीची तार) नेणं. बल्ब पेटतो-विझतो, त्यामुळे सगळं बरोबर वाटतं, पण स्विच बंद असतानाही होल्डर जिवंत राहतो. तिसरी, दोन वेगवेगळ्या आरसीसीबींच्या (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारे स्विच) सर्किटांचे न्यूट्रल एकत्र बांधणं. मग लोड टाकला की ट्रिप, आणि मुलं आरसीसीबीच खराब आहे म्हणतात.

सातव्या आठवड्यापासून पॅनेल. ३५ मिमीची डीन रेल (भाग बसवायची पट्टी), २३० व्होल्ट कॉइलचा कॉन्टॅक्टर (कॉइलवर चालणारा स्विच), ओव्हरलोड रिले (मोटरवर जादा भार आला की तोडणारा), हिरवं-लाल पुश बटण, टर्मिनल ब्लॉक. समाजमंदिरात थ्री-फेज नसेल तर अडत नाही. मोटरच्या जागी तीन बल्ब लावा, डीओएल स्टार्टर (मोटर थेट लाइनवर चालू करणारा) तसाच शिकवता येतो. बटण सोडलं की बल्ब विझला, म्हणजे बटण सोडल्यावरही कॉन्टॅक्टर धरून ठेवणारा होल्डिंगचा एनओ (एरवी उघडा असणारा) कॉन्टॅक्ट जोडायचा राहिला. ही चूक ज्याला स्वतः शोधून काढता येते त्याला ड्रॉइंग कळलं असं समजा. लग मारल्यावर प्रत्येक वायर ओढून बघायची सवय लावा, कारण इन्सुलेशन लगच्या आत दाबलं गेलं तर वायर वरून घट्ट दिसते आणि आत जोड नसतो. दोन्ही टोकांना सारख्या नंबरचे फेरूल (वायरवर चढवायचे नंबरचे छल्ले) नसलेलं काम तपासायलाही घेऊ नका, उलगडून पुन्हा करायला लावा. कंपनीत नेमकं हेच बघतात.

रात्रपाळी_ऐरोली :

वर्ग बंद पडतात ते बहुधा वेळेमुळे. कंपनीत पाळ्या ७ ते ३, ३ ते ११, ११ ते ७ अशा असतात आणि आठवड्याला बदलतात. तुम्ही संध्याकाळी ७ ची वेळ ठरवलीत की दुपारपाळीचा मुलगा आठवडाभर गैरहजर. दोन धडे हुकले की त्याला पुढचं कळत नाही आणि लाजेने तो येणं सोडतो. यावर उपाय एकच : त्या दिवसाचा धडा दोनदा घ्यायचा, सकाळी ९ ते ११ आणि संध्याकाळी ६ ते ८. पाळी कुठलीही असो, एक वेळ सापडतेच. शिकवणाऱ्याला दुप्पट मानधन द्यावं लागेल. द्याच, त्यात काटकसर करू नका. मुलींची वेळ ठरवण्याआधी गल्लीत पाणी किती वाजता येतं ते विचारा, पाण्याच्या वेळेत कोणीही वर्गाला येत नाही.

फुकटही ठेवू नका. आठवड्याला परवडेल एवढी छोटी रक्कम घ्या, वहीत लिहा, आणि वर्ग पूर्ण केल्यावर त्याच पैशांत मंडळाची भर घालून प्रत्येकाला स्वतःची हत्यारं द्या : ८ इंची इन्सुलेटेड पक्कड, स्ट्रिपर, दोन स्क्रूड्रायव्हर, मल्टिमीटर. स्वतःची हत्यारं असलेल्या माणसाला साइटवर वेगळी किंमत मिळते.

कागदपत्र_ठाणे :

हात तयार झाला तरी दहावी नसेल तर पुढची दारं बंद राहतात, म्हणून नऊ जणांचं हे काम वर्गाबरोबरच सुरू करा. इथे हमखास घोळ होतो. सगळ्यांना सरसकट '१७ नंबरचा फॉर्म (खाजगी विद्यार्थी म्हणून बसायचा) भर' असं सांगितलं जातं. दहावीला बसून नापास झालेल्या सहा जणांना तो लागत नाही. त्यांनी आपल्या जुन्या शाळेतून पुनर्परीक्षार्थी म्हणून फॉर्म भरायचा, तोही राहिलेल्या विषयांचाच. जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेलाही बसता येतं. १७ नंबर आहे तो दहावीआधी शाळा सोडलेल्या तिघांसाठी. त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असली तरी नोंदणी आदल्या पावसाळ्यातच सुरू होते. दाखला गावच्या शाळेत अडकलेला असेल तर आजच पत्र पाठवा, कारण नोंदणी सुरू झाल्यावर धावपळ केली की वर्ष जातं.

आयटीआयचं म्हणाल तर इलेक्ट्रिशियनला दहावी पास हवं, पण तारतंत्री (वायरमन) आणि वेल्डर यांसारख्या ट्रेडना दहावी नापासही चालतो. ठाण्याची शासकीय आयटीआय वागळे इस्टेटला आहे. दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून लोकलने ठाणे पुढचंच स्टेशन आहे.

दुसरा रस्ता अप्रेंटिसशिपचा, म्हणजे कंपनीत शिकाऊ उमेदवारीचा. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला, कंत्राटी धरून, एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. म्हणजे कंपनीत 'मुलांना काम द्या' म्हणून हात जोडत जायचं नाही. 'तुम्हाला शिकाऊ उमेदवार घ्यायचेच आहेत, आमच्याकडे स्टार्टर जोडायला शिकणारे १५ आहेत' असं म्हणायचं. आणि हे वर्ग सुरू होण्याआधी करा. एचआरच्या माणसाला किंवा पॅनेल बनवणाऱ्या वर्कशॉपच्या मालकाला दहाव्या आठवड्यात बोर्ड तपासायला बोलवा.

आधार, शाळेचा दाखला आणि बँक पासबुक यांवरचं नाव एकसारखं आहे ना, ते पहिल्याच आठवड्यात बघा. आडनावाच्या एका अक्षराच्या फरकाने पीएफचे पैसे अडकतात.

दिघा_मंडळ :

सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका. मुलींच्या घरचे 'शिवणकाम द्या' म्हणतात. आणि समाजमंदिरात जिवंत वीज वापरायची मला भीती वाटते.

पॅनेल_वायरिंग :

घरच्यांना आधी पॅनेलचं काम दाखवा. शिडी नाही, भिंत फोडणं नाही, बसून काम आणि बहुधा दिवसपाळी. फेरूल, लग, वायर नीट वळवून बांधणं यांत सफाईला मोल आहे. पाहून झाल्यावरही एखादीला शिवणच हवं असेल तर तिला ते शिकू द्या, पण निवड तिची असावी.

भीती वाटते ते बरंच आहे. पहिले दोन आठवडे वीज नकोच. जोडणी मल्टिमीटरच्या बीपवर तपासायची. नंतर पाचही बोर्डांना मिळून एक मेन, त्यावर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी आणि ६ अँपियरची एमसीबी, किल्ली शिकवणाऱ्याच्या खिशात. प्रत्येक नवी जोडणी आधी सिरीज लॅम्पवरून चालू करा : फेजमध्ये १०० वॉटचा जुना फिलामेंटचा बल्ब, एलईडी चालत नाही. बोर्डात शॉर्ट असेल तर तो बल्ब पूर्ण उजेडाने पेटतो आणि बाकी काहीच होत नाही. समाजमंदिराचं अर्थिंगही आधी मोजा. फेज-न्यूट्रल २३० व्होल्ट असेल तर फेज-अर्थ जवळपास तेवढंच यायला हवं. त्यात मोठा फरक दिसला तर परवानाधारक ठेकेदाराकडून अर्थिंग करून घ्या आणि मगच वर्गाची तारीख ठरवा.

आणि प्रमाणपत्र देताना मुलांना सांगा, हा तारतंत्रीचा परवाना नाही. मीटर आणि सर्व्हिस लाइनला हात लावायचा नाही, परवानाधारकाच्या हाताखालीच काम करायचं. हे वाक्य प्रमाणपत्रावरच छापा.