मदत हवी आहे: आईच्या जुन्या लॅपटॉपसाठी लिनक्सचा कोणता डेस्कटॉप निवडावा?

नमस्कार मंडळी,

आईच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायचं नक्की झालंय, घोडं अडलंय ते डेस्कटॉप एन्व्हायरमेंटपाशी, म्हणजे मेनू, पट्टी, खिडक्या असं जे स्क्रीनवर दिसतं त्यापाशी. अपडेट, बॅकअप वगैरे मागचं सगळं मीच बघणार आहे. पण रोज डोळ्यांसमोर जे दिसणार ते आईला वापरायचंय, म्हणून यात घाई करायची नाहीये.

लॅपटॉप २०१४ सालचा आहे. ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी फिरती हार्डडिस्क, इंटेलचं इंटिग्रेटेड ग्राफिक्स, १३६६ × ७६८ चा स्क्रीन. त्यावर विंडोज १० होतं. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अटींत हे मशीन बसत नाही.

आई निवृत्त शिक्षिका, वय ७१. रोज दोन-तीन तास मराठीत लिहिते, इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीवर हात बसलेला आहे. बाकी ब्राउझर, ईमेल आणि आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही एका डोळ्याने बारीक अक्षर नीट दिसत नाही. मी दुसऱ्या गावी असते, त्यामुळे काही अडलं की सगळं फोनवर. "खाली डाव्या कोपऱ्यात बघ" असं मी म्हटलं तर तिथे ती गोष्ट असायलाच हवी.

मी काय करून पाहिलं तेही सांगते. माझ्या मशीनवर एकाच इन्स्टॉलेशनमध्ये पाठोपाठ तीन डेस्कटॉप टाकले, म्हणजे तुलना करता येईल. त्यातून मेनूत दोन फाइल मॅनेजर, दोन टेक्स्ट एडिटर, दोन सेटिंग्जची दुकानं, आणि पासवर्ड सांभाळणारे दोन वेगवेगळे प्रोग्राम झाले. कुठली गोष्ट कुठल्या डेस्कटॉपची हेच कळेना, तेव्हा त्या तुलनेवर माझा भरवसा नाही.

वाचावं तिथे "हा हलका, तो जड" एवढंच सापडतं. पण माझा प्रश्न फक्त मेमरीचा नाही. अक्षर मोठं करणं, मराठी टायपिंग आणि फोनवरून मदत करणं, या तिन्हींत कोणता डेस्कटॉप बरा, हे अनुभवी लोकांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

४ जीबी असेल तर डोळे मिटून एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. पुढे विचारच करू नका.

प्रतिसाद २

डोळे मिटून काही नको, ताईंनी माहिती इतकी व्यवस्थित दिली आहे.

मेमरीचं आधी मोकळं करू. मशीन सुरू केल्यावर, काहीही न उघडता, या सगळ्या डेस्कटॉपांत जो फरक दिसतो तो काहीशे एमबींचा. ब्राउझरमध्ये सात-आठ टॅब उघडले की तो एकटाच एक जीबीच्या वर जातो, आणि त्यापुढे हा फरक फार उरत नाही. शिवाय लिनक्स मोकळी रॅम फाइलींच्या कॅशसाठी वापरतो आणि गरज पडली की सोडून देतो. त्यामुळे "वापरलेली मेमरी" बघून घाबरू नये. टर्मिनलमध्ये फ्री ही कमांड दिली की शेवटी "अव्हेलेबल" नावाचा रकाना येतो, बघायचा तो तेवढा.

तुमच्या आईंना लॅपटॉप संथ वाटत असेल तर त्याचं मोठं कारण ती फिरती हार्डडिस्क आहे. डेस्कटॉप ठरवण्याआधी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपांत २.५ इंची साटा डिस्क असते, चार स्क्रू काढले की बदलता येते. रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा असेल तर ८ जीबी करा. नसेल तर झेडरॅम चालू ठेवा: रॅममधलाच थोडा भाग, त्यातली माहिती दाबून लहान करून, स्वॅप (रॅम अपुरी पडल्यावरची जादा जागा) म्हणून वापरला जातो आणि ४ जीबीवर त्याचा चांगला उपयोग होतो.

"हलका" या शब्दात आणखी एक गोष्ट दडलेली असते, ती म्हणजे ग्राफिक्स. ग्नोम आणि सिनॅमन हे डेस्कटॉप स्क्रीनवरचं सगळं ओपनजीएलमधून, म्हणजे ग्राफिक्स चिपच्या मदतीने, रंगवतात. चिपचा ड्रायव्हर चालला नाही तर तो भार प्रोसेसरवर येतो आणि सगळं रखडतं. एक्सएफसीई आणि माटे या डेस्कटॉपांत कंपोझिटिंग (खिडक्यांच्या सावल्या, पारदर्शकता वगैरे) सरळ बंद करता येतं. तुमच्या इंटेल चिपला ही अडचण येऊ नये, पण खात्री करून घ्या. सिनॅमन सॉफ्टवेअर रेंडरिंगवर, म्हणजे चिपऐवजी प्रोसेसरवर, चालत असेल तर सुरू होतानाच तशी सूचना देतो.

प्रतिसाद ३

मी ज्येष्ठांना संगणक शिकवते आणि स्वतः ग्नोम वापरते, म्हणून त्याच्या बाजूने दोन शब्द.

ज्याने आधी काहीच वापरलेलं नाही, त्याला ग्नोम फार पटकन येतो. स्क्रीनवर गर्दी नाही. सुपर की (विंडोजचं चिन्ह असलेली) दाबली की उघड्या खिडक्या एका जागी दिसतात, प्रोग्रामचं नाव टाइप केलं की तो सापडतो. "मोठं अक्षर" हे बटणही ॲक्सेसिबिलिटीत अगदी वर आहे. पण मूळ ग्नोममध्ये खिडकीला मिनिमाइझचं बटण नसतं आणि खाली टास्कबार नसतो. ज्यांनी वर्षानुवर्षं खालच्या पट्टीवरून काम केलंय त्यांचा हात नेमका तिथेच जातो आणि रिकामा परत येतो. माझ्या वर्गात अशा लोकांना मी ग्नोम देत नाही.

२०११ मध्ये ग्नोम ३ आला तेव्हा याच कारणावरून पुष्कळ मंडळी दुरावली. जुना ग्नोम २ जिवंत ठेवण्यासाठी माटे निघाला, आणि नव्या पायावर जुनी मांडणी देण्यासाठी लिनक्स मिंट या लिनक्सच्या आवृत्तीच्या लोकांनी सिनॅमन काढला. म्हणजे तुमच्या आईंसारख्या, मांडणी अंगवळणी पडलेल्या माणसांसाठीच हे दोन डेस्कटॉप आहेत. माझं मत सिनॅमन.

प्रतिसाद ४

केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपचं नाव कुणीच घेतलं नाही. तो जड असल्याची ख्याती २००८ च्या केडीई ४ पासून चिकटली आहे, आताचा प्लाझ्मा तसा नाही. सुपर आणि अधिकचं चिन्ह दाबलं की अख्खा स्क्रीन मोठा होतो, कमजोर नजरेला हे वरदान आहे. पॅनलवरच्या (खालच्या पट्टीवरच्या) वस्तू एडिट मोडमध्ये गेल्याशिवाय हलत नाहीत, त्यामुळे फोनवरच्या मदतीलाही सोपं.

अडचण एकच सांगतो. आताचा प्लाझ्मा वेलँडवर (स्क्रीनवर चित्र दाखवणाऱ्या नव्या यंत्रणेवर) चालतो, आणि तिथे मराठीसाठी एफसीआयटीएक्स ५ हा टायपिंगचा प्रोग्राम वापरायचा असेल तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये "व्हर्च्युअल कीबोर्ड" या ठिकाणी तो निवडावा लागतो. नाव असं असल्यामुळे तिथे कुणी बघत नाही, आणि मग मराठी उमटत नाही म्हणून लोक डिस्ट्रो (लिनक्सची आवृत्ती) बदलत बसतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. एसएसडीचं आधी करते. ग्नोम माझ्या यादीतून गेला. प्लाझ्मा मला स्वतःला आवडला, पण त्यात इतके पर्याय आहेत की आई एखाद्या पानावर शिरली तर फोनवरून तिला बाहेर कसं काढायचं ही धास्ती वाटते. उरले एक्सएफसीई आणि सिनॅमन. अक्षराच्या आकाराबद्दल कुणी सांगू शकेल का? स्क्रीन लहान आहे, त्यामुळे मोठं केलं की सगळं बाहेर जाईल अशी भीती आहे.

प्रतिसाद ५

माझी स्वतःची नजर कमजोर आहे, त्यामुळे हे रोजचंच.

"स्केलिंग" आणि "अक्षराचा आकार" या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. २०० टक्के स्केलिंग केलं तर १३६६ × ७६८ च्या स्क्रीनवर प्रत्यक्षात ६८३ × ३८४ एवढीच जागा हाती राहते. अर्ध्या खिडक्यांची खालची बटणं दिसणार नाहीत. तेव्हा स्केलिंगला हात लावू नका, नुसतं अक्षर वाढवा.

सिनॅमनमध्ये फॉन्टच्या सेटिंगमध्ये टेक्स्ट स्केलिंग फॅक्टर आहे, तो १.२ किंवा १.३ करून बघा. एक्सएफसीईमध्ये अपिअरन्समध्ये फॉन्टच्या पानावर डीपीआय (अक्षराचा आकार ठरवणारा आकडा) असतो. मूळ ९६, तो १२० केला की अक्षर सव्वापट होतं. मात्र एक्सएफसीईमध्ये पॅनलची उंची आणि खिडकीच्या शीर्षपट्टीची थीम या गोष्टी वेगळ्या जाऊन वाढवाव्या लागतात. त्याच्या खिडक्यांच्या कडाही बारीक असतात, मला त्या माउसने पकडता येत नाहीत. ऑल्ट धरून उजव्या बटणाने ओढलं की खिडकीचा आकार बदलतो हे कळलं तेव्हा माझा त्रास संपला, पण हे तुमच्या आईंना लक्षात ठेवावं लागेल.

एखादी खिडकी खाली स्क्रीनबाहेर गेलीच तर ऑल्ट धरून डाव्या बटणाने ती वर ओढता येते, दोन्हींत चालतं. पॉइंटरचा आकार ३२ किंवा ४८ करा. यावर खर्च होणारी दोन मिनिटं सगळ्यात कामी येतात, कारण नजर कमी असली की अक्षरांच्या आधी पॉइंटर हरवतो. ब्राउझरमध्ये डीफॉल्ट झूम वेगळा मिळतो, तो १२० टक्के ठेवा.

टायपिंगबद्दल: आईंना इन्स्क्रिप्टच हवं असेल तर वेगळ्या इनपुट पद्धतीची गरज नाही. साध्या कीबोर्ड लेआउटच्या यादीतच मराठी इन्स्क्रिप्ट आहे, ते जोडलं की झालं. आयबस हा टायपिंगचा प्रोग्राम आणि त्याचा एम१७एन हा भाषांचा संच लागतो तो फोनेटिक किंवा गमभनसारखी पद्धत वापरणाऱ्यांना.

प्रतिसाद २ (पुन्हा)

आता आमचं ऐकणं थांबवा. मिंटच्या सिनॅमन आणि एक्सएफसीई या दोन आवृत्त्यांच्या आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशनच्या फाइल) उतरवा. व्हेंटॉय हा प्रोग्राम वापरलात तर एकाच पेनड्राइव्हवर दोन्ही राहतात. काहीही इन्स्टॉल न करता लाइव्ह, म्हणजे थेट पेनड्राइव्हवरून, चालवा आणि आईंना समोर बसवा. पेनड्राइव्हवरून प्रोग्राम उघडायला वेळ लागतो, तो वेग मोजू नका. त्याच वेळी वायफाय, आवाज, कॅमेरा, आणि झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप नीट जागा होतो का, हे तुम्ही तपासा.

आईंना काही समजावून सांगू नका. कामं द्या आणि हात कुठे जातो ते बघा.

धागाकर्ती

शनिवार-रविवार आईकडे जाऊन आले. सविस्तर लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल.

एसएसडी बसवली. रॅमचा दुसरा स्लॉट होता, ८ जीबी केली. मग दोन्ही डेस्कटॉपांत अक्षर आधीच मोठं करून दिलं आणि चार कामं सांगितली: नवीन कागद उघडून चार ओळी लिही, तो जपून ठेव, ब्राउझर उघड, आणि दोन खिडक्या शेजारी-शेजारी लाव. ती लिहिताना संदर्भ बाजूला उघडा ठेवते, म्हणून शेवटचं काम महत्त्वाचं होतं.

पहिली तीन कामं दोन्हींत न विचारता झाली. मेनू खाली डावीकडे, घड्याळ उजवीकडे, तिला काही परकं वाटलं नाही. चौथ्यात फरक पडला. एक्सएफसीईमध्ये खिडकीची कड तिच्या हाती लागेना. तीनदा प्रयत्न करून तिने माउस बाजूला ठेवला आणि "राहू दे, एकेक बघेन" म्हणाली. हे वाक्य मला लागलं, कारण अशीच ती एकेक गोष्ट सोडून देते आणि आपल्याला कळतही नाही. सिनॅमनमध्ये तिने खिडकी ओढत डाव्या कडेला नेली, ती आपोआप अर्ध्या स्क्रीनवर बसली. दुसरी तिने स्वतःच उजवीकडे नेली.

खिडकी अशी कडेला चिकटवणं एक्सएफसीईमध्येही जमतं हे मला माहीत आहे. पण तिचा हात तिथे कडेकडे गेला आणि इथे शीर्षपट्टीकडे, यावर मी वाद घालत बसले नाही. सिनॅमन टाकला. सॉफ्टवेअर रेंडरिंगची सूचना आली नाही. टाइमशिफ्ट लावून एक स्नॅपशॉट घेतला, म्हणजे काही बिघडलं तर सिस्टिम आधीच्या स्थितीत नेता येईल. पॅनलचा एडिट मोड बंदच आहे, त्यामुळे चुकून काही सरकणार नाही.

एक प्रश्न राहिलाय. कॅप्स लॉकने मराठी-इंग्रजी बदलेल असं करून दिलंय, पण सध्या कोणती भाषा चालू आहे हे पॅनलवरच्या त्या छोट्या खुणेवरून तिला दिसत नाही. दोन शब्द टाइप करून मग पुसते. खूण मोठी करता येईल का?

प्रतिसाद ५ (पुन्हा)

खूण मोठी करण्यापेक्षा दिवा वापरा. कीबोर्ड लेआउटच्या पर्यायांत "दुसरा लेआउट दाखवण्यासाठी कीबोर्डचा एलईडी वापरा" अशा अर्थाचा एक गट आहे, त्यात कॅप्स लॉक निवडा. मराठी चालू असेल तेव्हा कॅप्स लॉकचा दिवा लागलेला राहील, इंग्रजी आली की विझेल. यादीत इंग्रजी पहिली आणि मराठी दुसरी असू द्या, नाहीतर उलटं होईल.

धागाकर्ती

आत्ताच फोनवरून आईकडून करून घेतलं. पर्यायांचं पान तिला मी सांगितलं तिथेच सापडलं. दिवा लागतो, आणि तिला तो चष्म्याशिवायही दिसतो.